सीबीझेडचा हिशेब

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत एकाच विषयावर बैठका बसतात. बारावीला बायो ग्रुप घेतलेल्या पोरांनी दोन वर्षं डॉक्टरकीचं स्वप्न पाहिलेलं असतं. 2016 मध्ये गोंदियातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून ते स्वप्न आणखी जवळ आल्यासारखं वाटतं. नंबर मात्र थोड्यांचाच लागतो. उरलेल्यांपुढे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याचा रस्ता असतो. कॉलेजात त्याला सीबीझेड म्हणतात. अलीकडे त्याच्या जोडीला एक रंगीत पत्रकही घरात येतं. मोठ्या शहरातलं खाजगी कॉलेज, बायोटेक्नॉलॉजीची बी.एस्सी., हॉस्टेल, मेस आणि सगळ्यात खाली एक ओळ: शैक्षणिक कर्जाची सोय उपलब्ध.

त्या शेवटच्या ओळीसाठीच हा लेख लिहितो आहे. तिच्यावरून घरात जो वाद पेटतो त्याचे दोन आवाज मी इथे मामा आणि आत्या यांच्या तोंडी घातले आहेत. मामा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले, नोकरीची शेवटची काही वर्षं कर्जाच्या टेबलावर गेलेली. आत्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. मुलगी आमगाव तालुक्यातली, वडिलांचं तीन एकर धान. नावं घातलेली नाहीत, कारण अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत.

मामा: ताई, आवडीनिवडीचं नंतर बोलू. आधी या पत्रकाचा हिशेब करू. फी, हॉस्टेल, मेस मिळून वर्षाला एक लाख धरा. तीन वर्षांचे तीन लाख. चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, म्हणून भाटव्यांना वाटतं की हे पैसे सोपे आहेत.

आत्या: तारण नाही म्हणजे सोपेच ना भाऊ? शेत तर गहाण पडत नाही.

मामा: शेत गहाण पडत नाही, बाप पडतो. सहकर्जदार म्हणून त्याची सही असते. आता व्याज बघा. दहा टक्के दर धरा. शिकतानाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता मागत नाहीत, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन. झाले नव्वद हजार. हप्ता सुरू होईल त्या दिवशी पोरीच्या डोक्यावर तीन लाख नाहीत, तीन लाख नव्वद हजार आहेत. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 5,150 रुपये. एकूण सहा लाख अठरा हजार.

आत्या: महिन्याला पाच हजार म्हणजे...

मामा: धानात मोजा. 2025-26 च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल. वर्षाचे हप्ते भरायला 26 क्विंटल धान लागेल. एकरी पंधरा क्विंटल पिकलं, तरी पावणेदोन एकराचं पीक पूर्ण बँकेत गेलं. त्यातून खत, रोवणीची मजुरी, कापणी काही काढलेलं नाही. आणि असं एक वर्ष नाही जी, दहा वर्षं.

हा हिशेब कागदावर एकदा तरी प्रत्येक बापाने आपल्या हाताने मांडावा असं मला वाटतं. बँकेत मंजुरीपत्र मिळतं तेव्हा त्यावर रक्कम असते, दर असतो. वार्षिक हप्ता किती क्विंटल धानाचा, हे तिथे लिहिलेलं नसतं, आणि धानपट्ट्यातल्या माणसाला रुपयांपेक्षा ते लवकर कळतं.

आत्या: व्याजाला सरकार मदत करतं असं पोरी सांगतात.

मामा: करतं. पण कुणाला, ते वाचायला हवं. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना शिकण्याच्या काळातलं व्याज माफ होतं, ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी बी.एस्सी. त्यात बसत नाही. 6 नोव्हेंबर 2024 ला केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. योजना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांसाठी आहे. सुरुवातीच्या यादीत देशभरच्या 860 संस्था होत्या. या पत्रकातलं कॉलेज त्या यादीत आहे का, हे कुणी पाहिलं?

आत्या: आयकरातही सूट मिळते म्हणतात.

मामा: 80-ई. व्याजावर मिळते. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तर धान पिकवणारा सूट कशातून घेणार? ती पगारदाराच्या कामाची. आणि शेवटचं ऐका. हप्ते थकले की पोरीसोबत बापाचाही सिबिल स्कोअर घसरतो. उद्या तो ट्रॅक्टरसाठी, बोअरसाठी बँकेत गेला की तिथे हेच थकीत कर्ज दिसतं. पोरगी नोकरी शोधत नागपुरात, आणि बाप मॅनेजरपुढे मान खाली घालून. माझ्या टेबलासमोर बसलेले असे बाप मी पाहिले आहेत.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या कर्जाची बातमी आपण वाचतो. तिथला एकूण बोजा दीड लाख कोटी डॉलरच्याही वर गेलेला आहे, आणि दिवाळखोरी जाहीर करूनही ते कर्ज सहसा सुटत नाही. पण तिथल्या सरकारी कर्जात बहुतेक वेळा शिकणारा स्वतः कर्जदार असतो. आपल्याकडे ते पहिल्या दिवसापासून साऱ्या घरावरचं कर्ज असतं. रक्कम लहान असली तरी तीन एकरवाल्याला ती लहान राहत नाही. मामांचा धसका मला म्हणूनच खरा वाटतो.

आत्यांनी इथवर फारसा विरोध केला नाही. त्या बोलू लागल्या त्या पदवीच्या बाजूने.

आत्या: भाऊ, पत्रकाचं तुमचं खरं. ते ठेवा बाजूला. पण पत्रक वाईट म्हणून पदवी वाईट, असं कसं म्हणता? गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ची फी काही हजारांत भागते. महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला तर तीही बरीचशी परत येते. आमगाव हावडा लाइनवर आहे. मुलींना कॉलेजला जाण्यासाठी पदवीपर्यंत रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास मोफत मिळतो. घरची भाजीभाकर खाऊन पोरगी शिकेल. यात कर्ज आलं कुठून?

मामा: कर्ज नाही, मान्य. पण तीन वर्षं गेली ना! बँकेत आम्ही त्यालाही खर्चच म्हणतो. तीन वर्षांनी हातात काय? गोंदियाच्या पॅथॉलॉजीत, खाजगी शाळेत, औषध कंपनीच्या पिशव्या घेऊन फिरण्यात पंधरा हजार मिळाले तर नशीब. त्यापेक्षा नर्सिंग करू द्या, बी.फार्म. करू द्या. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. सरकार बोट धरून ज्या दारात नेतंय, ते सोडून तुम्ही दुसरीकडे जा म्हणता.

आत्या: नर्सिंग उत्तमच आहे. ज्या पोरीला माणसांच्या सेवेत रस आहे तिने ते जरूर करावं. या पोरीला कशात रस आहे, विचारलंत?

मामा: रसावर हप्ता फिटत नाही ताई.

आत्या: आणि नावडीच्या कामात टिकाव लागत नाही. गेल्या जूनमध्ये ही सारस मोजायला गेली होती. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यत्वे आपल्या गोंदियात. भल्या पहाटे, पक्षी चरायला उडण्याआधी बांधीवर पोहोचून बसावं लागतं. ही तिथे वहीत टिपत बसली होती: जोडी की एकटा, पिल्लू आहे का, घरटं धानाच्या बांधीत की तलावाच्या काठावर, शेत कुणाचं, तो माणूस घरटं राखतो का. घरी येऊन बापाला म्हणाली, आपल्या बांधीत घरटं केलं तर तेवढा तुकडा कापायचा ठेवाल का? बाप हो म्हणाला. भाऊ, जीवशास्त्र म्हणजे हेच.

मामा: आणि याचा पगार?

आत्या: याचा थेट पगार फार थोड्यांना मिळतो, हे मी लपवत नाही. पण ऐका. राज्य वनसेवेची परीक्षा, वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक, यांना विज्ञानाची पदवी चालते, त्यात वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र आहेच. केंद्राच्या भारतीय वनसेवेलाही हे विषय चालतात. आपल्या जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा आहे, 2013 पासून व्याघ्र प्रकल्प. तिथे बसणारा साहेब बाहेरूनच का यावा?

मामा: त्याच जंगलात वनरक्षक व्हायला बारावी पुरते. 2023 च्या भरतीत सुरुवातीचा मूळ पगार 21,700 होता. मुलींना तीन किलोमीटर धावायचं. तीन वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा तीन महिने पहाटे धावली तर?

या प्रश्नापुढे आत्याही क्षणभर थांबल्या, आणि मला वाटतं पदवीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबायला हवं. ज्या नोकरीसाठी बारावी पुरते तिथे पदवी घेऊन रांगेत उभं राहायचं असेल, तर पदवीची तीन वर्षं कशासाठी, याचं उत्तर तयार पाहिजे. आपल्याकडे ते बहुधा तयार नसतं. पोरं सीबीझेडला येतात ती नीट हुकलं म्हणून. पहिलं वर्ष पुन्हा नीट देण्यात जातं, दुसरं हळहळण्यात, आणि तिसऱ्या वर्षी आता काय म्हणून विचारत फिरतात.

आत्या: धावू द्या ना! पदवी करताना पहाटे धावायला कुणी अडवलंय? वनरक्षक झाली तर पगार सुरू, आणि पुढची परीक्षा द्यायची तर पदवी लागेलच. आता प्रयोगशाळेकडे या. आपला जिल्हा सिकलसेलचा आहे. तुम्ही ती तपासणी कधी पाहिली? छोट्या नळीत द्रावण घ्यायचं, बोटातून काढलेल्या रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस. त्यातून कळतं की मूल फक्त वाहक आहे की आजारी. केंद्राने 2023 च्या 1 जुलैला सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. सालेकसा, देवरीच्या गावांत हे काम करायला त्या भागातली भाषा बोलणारी पोर हवी.

मामा: ती डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका, झालेली पोर हवी. बी.एस्सी.वाली नाही.

आत्या: सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक अधिकाऱ्याच्या जागेला दोन्ही लागतं, विज्ञानाची पदवी आणि वर डीएमएलटी. बारावीवर डीएमएलटी करणारी आणि पदवीवर करणारी, दोघींची दारं वेगळी आहेत. मी हेच सांगते आहे. बी.एस्सी. ही अर्धी वाट आहे. ती पूर्ण वाट आहे असं समजणारा फसतो. निरुपयोगी समजणाराही फसतो.

मामा: अर्ध्या वाटेवर पोर अडकली तर?

आत्या: म्हणून तर म्हणते, पुढच्या अर्ध्या वाटेसाठी पैसे राखून ठेवा. कर्ज काढायचंच तर तिथे काढा.

वाद इथे फिरला. कर्जाविरुद्ध बोलणारे मामा ऐकू लागले आणि कर्जाची बाजू आत्यांनी घेतली.

आत्या: तीन वर्षांनी हिला काय करायचं ते हिलाच कळलेलं असेल. बी.एड. केलं आणि शिक्षक भरतीची टेट निघाली तर माध्यमिक शाळेत शिक्षण सेवकाला आता 18,000 मानधन आहे. तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी. एम.एस्सी. करून सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 विद्यावृत्ती आणि वर घरभाडं. आता चार वर्षांची ऑनर्स पदवीही आली आहे. चारही वर्षं केली आणि 75 टक्के राखले, तर एम.एस्सी.शिवाय थेट पीएच.डी.ची नेट देता येते. त्यातलं एखादं शिक्षण मोठ्या सरकारी संस्थेत मिळालं, आणि ती संस्था विद्यालक्ष्मीच्या यादीत असली, तर त्यासाठी दोन लाख काढायला मी घाबरणार नाही. तेव्हा पोरगी एकवीस वर्षांची असेल. आपल्या सहीचा अर्थ तिला कळत असेल.

मामा: जेआरएफ किती जणांना मिळते ताई? आणि न मिळालेले एम.एस्सी. तासिका तत्त्वावर शिकवतात. उन्हाळ्यात तास नाहीत, पैसेही नाहीत. असे किती तरी तुमच्याच क्षेत्रात आहेत.

आत्या: आहेत. मला ते रोज भेटतात. म्हणूनच दोन लाख म्हणते, सहा नाही. आणि कुठल्याही एम.एस्सी.ला नाही, जिथून पुढे दार आहे अशाच.

मामा: दोन लाखांचा हप्ता दहा टक्क्यांनी दहा वर्षांत 2,650 च्या आसपास. मधलं व्याज धरलं तर तीन-सव्वातीन हजार. 18,000 च्या मानधनातही तो निघतो. एवढं मी मान्य करतो. आणि ती पुण्याची विज्ञान संस्था, आयसर?

आत्या: तिथली पाच वर्षांची पदवी बारावीवर असते, स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. 2006 पासून पुण्यात आहे आणि आपल्या कॉलेजांतल्या निम्म्या पोरांनी तिचं नाव ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी हिच्या धाकट्या बहिणीला तरी फॉर्म भरायला लावा. केंद्रीय संस्था आहे, म्हणजे व्याज सवलतीच्या यादीत बसते. तिथे मिळालं तर तुमचा सगळा हिशेब मी नव्याने ऐकेन.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं ते फार नेमकं होतं.

मुलगी: मामा, आत्या, तुम्ही दोघं बोलताय ते काही जणांना मिळालं आणि काही जणांना नाही, असं बोलताय. मी ज्या कॉलेजात जाईन तिथून गेल्या तीन वर्षांत सीबीझेड करून बाहेर पडलेल्या मुली आज कुठे आहेत? ते कुणाला माहीत आहे का?

मामांना माहीत नव्हतं. आत्यांना चार-पाच जणींचं माहीत होतं, त्याही त्यांच्या आवडत्या विद्यार्थिनी. आवडत्या विद्यार्थ्यांवरून कॉलेजची परीक्षा होत नाही, थकबाकीदारांवरूनही होत नाही. मामांनी टेबलासमोर कर्जात बुडालेली माणसं पाहिली, आत्यांनी यशस्वी झाल्यावर पेढे घेऊन आलेली. दोघांचाही अनुभव खरा, आणि दोघांचाही अपुरा.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. जीवशास्त्राची पहिली पदवी जवळच्या अनुदानित कॉलेजात, शिष्यवृत्ती आणि मोफत पास घेऊन, कर्जाविना करावी. नुसत्या बी.एस्सी.साठी, मग ती बायोटेक्नॉलॉजीची असो की आणखी कसली, खाजगी कॉलेजात कर्ज काढून जाऊ नये. त्या पदवीवरचा पगार तो हप्ता पेलत नाही, आणि न पेललेला हप्ता बापाच्या शेतावर येतो. पण आत्यांचं पुढचं म्हणणंही मी तितक्याच ठामपणे मान्य करतो: पदवी संपल्यावर कर्जाला भिऊन घरी बसणं हेही नुकसानच आहे. तेव्हा, नेमक्या संस्थेसाठी, नेमक्या कामासाठी घेतलेलं लहान कर्ज वाया जात नाही. आमच्याकडे उलटं होतं. पहिल्या पदवीला डोळे झाकून तीन लाख, आणि दुसरीसाठी हातात काही उरत नाही.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदावर आहे. नॅकचं मूल्यांकन झालेलं प्रत्येक कॉलेज दरवर्षी एक अहवाल तयार करून आपल्या संकेतस्थळावर टाकतं. त्यातल्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा भाग असतो: त्या वर्षी किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, किती जण नेटसारख्या परीक्षा उत्तीर्ण झाले. हे आकडे कॉलेजने स्वतः भरलेले असतात, म्हणून डोळे झाकून मानू नयेत. पण ते समोर ठेवून विभागप्रमुखांना विचारता येतं की यातल्या सीबीझेडच्या किती, आणि त्या कुठे आहेत. पत्रक देणाऱ्या खाजगी कॉलेजलाही हाच प्रश्न विचारता येतो, आणि त्याने उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे.

गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, अर्जुनीच्या पालकांना माझी विनंती आहे. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी कॉलेजात जा, ते पान मागून घ्या, मुलीला सोबत बसवून वाचा, आणि सही त्यानंतर करा.